मॉर्गनच्या धक्क्यावरचे मेलेले

छावणी, दक्षिण कॅरोलायना
११ जुलै १८६४

रायनाताई,

हे पत्र शाळेतल्या गोऱ्या बाईंकडे वाचायला नेऊ नकोस. तू आता अक्षरं जुळवून वाचतेस असं कळलं, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितो आहे. आधी खाली बस. मग वाच.

शुक्रवारी सकाळी आमची काळी पलटण मॉर्गनच्या धक्क्यावर चालून गेली. नदीच्या त्या काठाला बंडखोरांचा, आपल्या जुन्या मालकांच्या फौजेचा, मोर्चा होता, दोन तोफा आणि मागे मातीचा बांध. आम्हाला सांगितलं होतं की ओहोटीला चिखल घोट्याएवढा असतो. तो मांडीपर्यंत होता. हे आमच्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं, आम्ही सगळे भातखाचरातले. पण विचारलं नाही.

तोफेत त्यांनी लोखंडाचे छर्रे भरले होते. माझ्या पुढचा माणूस होता आणि मग नव्हता, फक्त त्याचे पाय चिखलात रुतून उभे होते. माझ्या तोंडात रक्त आलं, ते माझं नव्हतं. तुझा मिंगो माझ्या डाव्या हाताला होता. आमच्या कंपनीतल्या ब्रिस्टलचा भाऊ सायरस, त्याच्या खांद्यात गोळी लागली आणि तो तोंडावर पडला. चिखलात तोंडावर पडलेला माणूस गुदमरतो. मिंगो त्याला उपसायला वाकला. मी ओरडलो, "सोड त्याला, चल." तो म्हणाला, "तू हो पुढे, सार्जंट, मला हुकूम नंतर दे." त्याचे हेच शेवटचे शब्द मी ऐकले. त्यानंतर मागे फिरण्याचा बिगुल झाला.

अलीकडच्या काठावर आलो तेव्हा तो माझ्याबरोबर नव्हता. बंदुका थांबल्या होत्या. मग पलीकडून पुन्हा आवाज यायला लागले. लढाईत गोळ्या एकत्र सुटतात, ताई. या एकेक सुटत होत्या. मध्ये थोडा वेळ जायचा, मग आणखी एक. बंडखोर आमच्या जखमींना मारत होते. काळा माणूस सरकारच्या निळ्या कोटात सापडला तर त्याला कैदी करायचं नाही, असं त्यांच्यात ठरलेलंच आहे.

मिंगोला पडताना मी पाहिलेलं नाही. एवढंच माझ्याजवळ आहे, ते तुला पाठवतो.

लायमस

*

सेंट ऑल्बन बेट
३० जुलै १८६४

लायमस,

ही माझी स्वतःची अक्षरं. वाकडी आहेत, हसू नकोस. बाईंकडून लिहून घेतलं असतं तर त्यांनी मध्ये क्षमेचं एक वचन घातलं असतं. मला आज तसं काही नको आहे.

मिंगो आला होता. तुझं पत्र आलं त्याच्या चौथ्या दिवशी, संध्याकाळी, मी मका कांडत होते. दारात उभा राहिला. कमरेपर्यंत चिखल. बोलला नाही. मी म्हटलं, "आत ये." तो आला नाही, आणि मग दारात कुणीच नव्हतं. टायराने विचारलं, "आई, कुणाशी बोलतेस?"

तुला माहीत आहे मी कशी जन्मले ते. तोंडावर गर्भाचा पातळ पडदा घेऊन. आईच्या आईलाही होता. अशा माणसाला गेलेले दिसतात, आणि मला आजवर चुकीचं दिसलेलं नाही. मामा बुडाला तेव्हा होडी यायच्या आधी मी सांगितलं होतं.

म्हणून जे करायचं ते केलं. प्रार्थनाघरातल्या माणसांनी रिकामी पेटी पुरली. तो शेवटचा ज्या थाळीत जेवला होता ती मी वर फोडून ठेवली. पेटी खाली सोडायच्या आधी टायराला तिच्यावरून या हातातून त्या हातात दिलं, म्हणजे बापाचा जीव तिच्यात अडकायचा नाही. ती रडली नाही. तिला वाटलं खेळ आहे.

आता माझं मागणं ऐक. ते हात वर करून तुझ्यासमोर येतील तेव्हा तुला मॉर्गनच्या धक्क्यावरचे ते एकेक आवाज आठवू देत. मला कैदी नकोत. मी बहीण म्हणून सांगते आणि त्याची बायको म्हणून सांगते.

रायना

*

छावणी
१६ ऑगस्ट १८६४

रायनाताई,

तुझं पत्र वाचलं आणि छातीजवळ ठेवलं. पडदा तुझ्या तोंडावर होता, माझ्या नव्हता. तू पाहिलंस म्हणजे तसंच आहे.

तुला मिंगो दिसला हे इथे कंपनीत सगळ्यांना कळलं आहे. काल ब्रिस्टल बिस्किट दगडाने फोडत बसला होता. म्हणाला, "सार्जंट, तुझ्या बहिणीला विचार, माझा सायरस दिसला का. मला खरं सांगायला सांग. मी रोज आशा धरून झोपतो, मला आता त्याचा कंटाळा आलाय."

लेफ्टनंट हारवुड साहेबांनी रांगेत उभं करून बजावलं आहे की हात वर केलेल्याला मारायचं नाही. "नाहीतर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?" असं म्हणाले. ब्रिस्टल मागच्या रांगेतून म्हणाला, "फरक हा की, साहेब, ते आधी मारतात." सगळे हसले. साहेबही हसले, पण हुकूम मागे घेतला नाही.

साहेब चांगला माणूस आहे. पण तो गोरा आहे, पकडला गेला तर त्याला जेवण मिळेल आणि चारपाई मिळेल.

ब्रिस्टलसाठी विचारून बघ.

लायमस

*

सेंट ऑल्बन बेट
२ सप्टेंबर १८६४

लायमस,

गेलेले दिसावेत म्हणून मी मुद्दाम बसले, उपास केला. मिंगो दिसला. त्याच्या मागे एकजण होता, एक खांदा उतरलेला, मान त्याच बाजूला. ब्रिस्टलला सांग, रोज आशा धरायची गरज नाही. त्याच्यासाठी आम्ही इथे गायलो.

तुझ्या साहेबाच्या हुकमाबद्दल तू लिहिलंस, स्वतःबद्दल लिहिलं नाहीस. लहानपणी कोंबडी कापायची वेळ आली की तू नदीवर जायचास. आता तुझ्या बाहीवर सार्जंटच्या तीन पट्ट्या आहेत. अजून नदीवर जातोस का?

रायना

*

छावणी
२३ ऑक्टोबर १८६४

रायनाताई,

नाही, नदीवर गेलो नाही.

बंडखोरांची पुढची चौकी वेताच्या बेटाजवळ होती, लांब चर खणून बसले होते. पहाटेच्या धुक्यात आम्ही भरतीबरोबर होड्यांनी गेलो. या वेळी वाट आमच्यातल्या माणसांनी दाखवली. बंदुका भरल्या नाहीत, फक्त संगिनी लावल्या.

ते कॉफीच्या नावाखाली भाजलेला मका उकळत होते. पहिल्याच्या हातात टमरेल होतं, ते हातात तसंच राहिलं. चरात उतरल्यावर जागा नव्हती, कोपर मागे घेता येत नव्हतं. माणसं बंदुकीच्या दस्त्याने, दगडाने, दातांनी लढली. माझा एक कान अर्धा गेला आहे, काळजी करू नकोस, ऐकू येतं. थोड्या वेळात त्यांनी बंदुका टाकल्या. लेफ्टनंट साहेबांच्या मांडीत गोळी होती, ते मागे होडीत होते. तिथे हुद्द्याने सगळ्यात मोठा मीच होतो. माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मॉर्गनचा धक्का."

एवढं पुरलं. ब्रिस्टल चराच्या दुसऱ्या टोकाला होता, तिथून मला फक्त आवाज ऐकू येत होते. हात वर केलेले होते, ताई, हे तुला कळायला हवं. एकजण गुडघ्यांवर बसून आईला हाक मारत होता. तोही.

माझ्यासमोर त्यांचा कॅप्टन होता, लाल दाढीचा. म्हणाला, "थांब. धक्क्यावरची तुमची माणसं जिवंत आहेत. माझ्याकडे खणायच्या कामावर आहेत. मी ती परत देतो." मी विचारलं, "नावं सांग." तो म्हणाला, "नावं मला माहीत नाहीत." तेव्हा मला खात्री पटली की हा जिवासाठी बनवून सांगतो आहे. तू मिंगोला तुझ्या दारात पाहिलं होतंस. मी संगीन पोटात घातली आणि वर ओढली. त्याला बराच वेळ लागला. त्याने माझी बाही धरून ठेवली होती.

एक पोरगेला बंडखोर वेतातून पळाला. मी त्याच्यामागे कुणाला पाठवलं नाही. परत येताना होडीत कुणी गायलं नाही.

तू मागितलंस ते केलं. आता मिंगो दारात येत नाही, एवढं मला कळव.

लायमस

*

सेंट ऑल्बन बेट
१९ ऑक्टोबर १८६४

लायमस,

हे पत्र मिळेल तिथे उभा राहून वाच. मिंगो जिवंत आहे.

काल डेम्बो नावाचा एक म्हातारा ओंडक्याला धरून नदीतून वाहत आला. बंडखोरांनी त्याला गुलाम म्हणून मातीकामावर धरून ठेवलं होतं, वरच्या वळणावर ते मोठा बांध घालत आहेत. तिथे आपल्या पलटणीची माणसं साखळीत खणतात. त्याने मिंगोचं नाव घेतलं. मी विचारलं, "कसा दिसतो?" तो म्हणाला, "बोलका. मारलं तरी बोलतो." मग मला दुसरं काही विचारायचं राहिलं नाही.

धक्क्यावर त्यांनी बरेच मारले हे खरं. पण लाल दाढीचा एक कॅप्टन आला आणि म्हणाला, जे उभे राहू शकतात ते ठेवा, मला फावडी धरायला माणसं हवीत. दयेने नाही. बैल ठेवतात तसे ठेवले. पण ठेवले. तो आहे तोवर त्यांना गोळी घालत नाहीत, असं डेम्बो म्हणाला. सायरसही तिथे आहे. त्याचा खांदा वाकडा जुळला आहे.

बाई म्हणतात, कैद्यांची अदलाबदल व्हायची बोलणी चालू आहेत. म्हणून मी जे मागितलं होतं ते मागे घेते. जितके जिवंत धरता येतील तितके धर. अधिकारी मिळाला तर त्याला स्वतःच्या ताटातलं दे.

मी चिखल बरोबर पाहिला होता, लायमस. तो तेव्हा चिखलातच उभा होता, खणत. मी चिखल पाहिला आणि थडगं समजले.

ब्रिस्टलला लगेच सांग.

रायना

*

छावणी
६ नोव्हेंबर १८६४

रायनाताई,

तुझं पत्र माझं निघाल्यावर पोचलं. आता माझंही तुला मिळालं असेल. मग लाल दाढी कुणाची होती हे मी पुन्हा लिहीत नाही.

तो खरं बोलत होता. नावं माहीत नव्हती हेही खरंच होतं. आपली नावं त्यांच्यातल्या कुणाला कधी माहीत होती? मी त्यालाच पुरावा धरलं.

ब्रिस्टलला सांगितलेलं नाही. सायरस जिवंत आहे म्हटलं तर तो विचारेल, मग आपण चरात कोणासाठी मारलं? आणि ज्याने त्याला जिवंत ठेवलं त्या माणसाचं काय झालं? तीन वेळा त्याच्याजवळ गेलो. एकदा तंबाखू मागितली आणि परत आलो.

लायमस

*

सेंट ऑल्बन बेट
२० नोव्हेंबर १८६४

लायमस,

तुझं चरातलं पत्र मी वाचलं. पुन्हा वाचलं नाही.

मी दोन दिवस तुझ्यावर चिडले होते. लाल दाढीचा माणूस तुझ्यापुढे उभा राहून सांगत होता आणि तू ऐकलं नाहीस. मग मला कळलं की तू ऐकलं नाहीस कारण तू माझं ऐकलं होतंस.

आणखी एक. तो उतरलेला खांदा. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की सायरसच्या खांद्यात गोळी लागली. मी ते पाहिलं, की तुझं पत्र वाचून पाहिलं, हे आता मला सांगता येत नाही. इथे बायका अजून विचारायला येतात, माझा नवरा दिसतो का, माझा मुलगा दिसतो का. मी म्हणते, आता दिसत नाही.

ब्रिस्टलला सांग. आणि माणसं जिवंत धर.

रायना

*

छावणी
१८ डिसेंबर १८६४

रायनाताई,

धरली. रेल्वेच्या पुलाजवळ चकमक झाली. सुरुवातीला त्यांनी आमचे दोघे झाडीतून टिपले, मग गोळ्या संपल्या तसे बाहेर आले, सात माणसं आणि एक लेफ्टनंट, विशीतला, पायात बूट नव्हते. मी त्यांना पुलाच्या खांबाला पाठ लावून बसवलं आणि त्यांच्यापुढे उभा राहिलो.

ब्रिस्टल आला. "सार्जंट, बाजूला हो."

"नाही."

"त्या दिवशी तूच म्हणालास. धक्क्याचं नाव तूच घेतलंस."

"आज घेत नाही."

"का? आज त्यांचे हात जास्त वर आहेत?"

मागची माणसं हसली, पण पुढे सरकली. ब्रिस्टलने माझ्या खांद्यावरून संगीन घातली, ती एका कैद्याच्या गालातून गेली. मी बंदुकीचा दस्ता ब्रिस्टलच्या तोंडावर मारला. जबडा मोडल्याचा आवाज आला. तो पडला तरी उठला, मी पुन्हा मारलं. माझ्या स्वतःच्या माणसाला, ताई, गोऱ्यांना पाठीशी घालून. नंतर कुणी पुढे आलं नाही. कुणी माझ्याशी बोललंही नाही. ब्रिस्टल फडकं बांधून बसतो, पातळ पेज पितो. मला पाहिलं की फडक्याआडून म्हणतो, "मालकाचा माणूस."

सायरस जिवंत आहे हे तेव्हा सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण फोडलेल्या तोंडासमोर मला ते सांगता आलं नाही.

साहेबांनी पांढरं निशाण घेऊन माणूस पाठवला. त्यांचा लेफ्टनंट आणि सातजण घ्या, आमची खणणारी माणसं द्या. उत्तर आलं की आमच्याकडे कैदी शिपाई कुणी नाहीत, पळालेले गुलाम आहेत, आणि ते ज्याचे त्याला परत दिले जातील. अनवाणी लेफ्टनंटला ते वाचून दाखवलं. त्याने मान खाली घातली. मी त्याला माझ्या ताटातलं देत होतो, त्या दिवशी त्याने घेतलं नाही.

लायमस

*

वरच्या वळणाचा बांध
२४ फेब्रुवारी १८६५

रायनाताई,

मिंगो माझ्या शेजारी झोपला आहे. श्वास चालू आहे, मी मघापासून तेच ऐकतो आहे. आता पुढचं वाच.

बंडखोर बांध सोडून निघाले होते. खणणाऱ्यांना आत मुलुखात हाकत नेत होते. आम्ही त्यांना पाइनच्या जंगलात गाठलं. पहिल्या गोळीबारातच साखळीतली माणसं वळली आणि फावड्यांनी तुटून पडली. फावडं संगिनीपेक्षा वाईट असतं. एका पहारेकऱ्याला त्यांनी एवढं मारलं की नंतर त्याच्यावरून चालताना जमीन कुठे आणि तो कुठे ते कळत नव्हतं. मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. पण ज्यांनी हात वर केले त्यांच्यापुढे मी जाऊन उभा राहिलो, आणि या वेळी आणखी दोघं माझ्याबरोबर उभे राहिले.

मिंगोला मी ओळखलं नाही. त्यानेच मला ओळखलं. "सार्जंट, आता दे हुकूम," म्हणाला. दात गेले आहेत, घोट्यांना हाड दिसतं, पण बोलतो.

मग मी सायरसचं विचारलं.

त्याने सांगितलं. ऑक्टोबरात एक पोरगा वेतातून पळत बांधावर आला. म्हणाला, काळ्यांनी चौकीतल्या सगळ्यांना हात वर असताना कापलं, कॅप्टनलाही. दुसऱ्या दिवशी नवा अधिकारी आला. आपल्या माणसांना त्यांनीच खणलेल्या चराच्या काठावर रांगेत उभं केलं आणि एक सोडून एक मोजत गोळी घालत गेले. मिंगो सुटला. त्याच्या डावीकडे सायरस होता. मिंगो म्हणाला, त्याला पडलेला पाहिलं तेव्हा तो अजून हलत होता, आणि माती लोटायला आम्हालाच लावलं.

"कुणी मारलं रे त्या कॅप्टनला?" मिंगोने मला विचारलं. "हरामखोरच होता, पण तो असता तर."

मी त्याचे पाय धूत राहिलो. ब्रिस्टल तंबूबाहेर उभा होता, सुटून आलेल्या प्रत्येकाचं तोंड बघत फिरत होता. तू सायरस गेल्याचं सांगितलं होतंस, तरी बघत होता. त्याचा जबडा वाकडा बसला आहे. त्याने आत डोकावून मिंगोकडे पाहिलं, आणि मग मला मान हलवून विचारलं. मी नाही अशी मान हलवली. तो गेला. त्याला वाटतं, धक्क्यावरच संपलं सगळं.

उद्या सकाळी कंपनी रांगेत उभी राहील तेव्हा मी सांगणार होतो. मिंगो म्हणतो, दोन दिवस थांब, मला उभं राहता येऊ दे. त्याला अजून माहीत नाही तो कशासाठी उभा राहणार आहे. मी मिंगोला आधी सांगेन, की ब्रिस्टलला? तू मोठी आहेस, तू सांग.

ब्रिस्टलने मला मारलं तर त्याला दोष देऊ नकोस.

लायमस

*

सेंट ऑल्बन बेट
१ मार्च १८६५

लायमस,

हे पत्र तांदळाच्या होडीवर देते आहे. तिच्या मागच्या होडीवर मी आहे. टायराला शेजारणीकडे ठेवलं.

मिंगोला तू काही सांगू नकोस, ते माझं आहे. त्याच्या नावाने कोणी काय मागितलं हे त्याने माझ्या तोंडून ऐकावं, मग तो मला घरात घेवो की न घेवो.

ब्रिस्टलला मी कधी पाहिलेलं नाही. होडी लागली की तू फक्त मला त्याच्याकडे बोट दाखव आणि माझ्या मागे थांब. पुढे येऊ नकोस. त्याचा भाऊ ज्या दिवशी श्वास घेत होता त्या दिवशी मी त्याला मेलेला सांगितलं, हे मी त्याला माझ्या नावानिशी सांगेन. नंतर कॅप्टनचं तू सांग, तुझ्या नावानिशी. साहेब तिथे असले तर त्यांनीही ऐकावं. ब्रिस्टलचा हात उठला तर तो पहिला माझ्यावर उठू दे, आणि तू मध्ये पडू नकोस, जसा त्या पुलाजवळ पडलास. या वेळी तो कैद्यांना मारायला आलेला नसेल.

वारा बरा आहे. दोन दिवसांत पोचेन.

रायना